फीडर टूरवरचं गोल्फ: क्यू-स्कूलच्या आधी, नंतर आणि खर्चाच्या वहीत

फीडर टूरवर, म्हणजे मोठ्या टूरच्या खालच्या दौऱ्यांवर, उतरण्याआधी दर आठवड्याला स्वतःला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: या आठवड्याचा खेळ कुठल्या यादीत मोजला जाणार? टूरवर मिळणारं सगळं, म्हणजे पुढच्या स्पर्धेतली जागा, पुढच्या वर्षीचं कार्ड (हंगामभर खेळायचा हक्क) आणि वरच्या टूरचं दार, कुठल्यातरी यादीतल्या क्रमांकावरून मिळतं. चांगला खेळणारा गोल्फर दोन-तीन हंगाम जागच्या जागी फिरत राहतो, त्यामागे बहुतेक वेळा चार वेगवेगळ्या याद्यांमध्ये थोडं थोडं खेळणं असतं. एकाही यादीत तो वर सरकत नाही.

कुठलं दार कुठे उघडतं

भारतातून सुरुवात करणाऱ्याला पहिली पायरी म्हणजे पीजीटीआय (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया), 2006 पासून चालू असलेला आपला व्यावसायिक दौरा. 2024 पासून त्याच्या खाली नेक्सजेन नावाची आणखी एक पायरी आली आहे. पीजीटीआयची ऑर्डर ऑफ मेरिट, म्हणजे हंगामाची क्रमवारी, बक्षिसाच्या रकमेवर चालते. युरोपातला मुख्य दौरा असलेल्या डीपी वर्ल्ड टूरशी केलेल्या करारामुळे वर्षअखेरीस पहिला आलेल्याला थेट तिथलं कार्ड मिळतं. 2022 मध्ये मनू गंडास, 2023 मध्ये महूचा ओमप्रकाश चौहान आणि 2024 मध्ये वीर अहलावत याच वाटेने युरोपात गेले. दार मोठं आहे, पण एका वेळी एकच माणूस आत जातो. दुसरा आलेल्याला ते मिळत नाही. म्हणून हंगामाची आखणी फक्त या दारावर टांगून ठेवू नका.

शेजारचं दार म्हणजे एशियन डेव्हलपमेंट टूर, म्हणजेच एडीटी. 2010 मध्ये सुरू झालेल्या या टूरवर ऑर्डर ऑफ मेरिटमधल्या पहिल्या दहांना एशियन टूरचं कार्ड मिळतं. एशियन टूरची स्वतःची क्यू-स्कूलही (कार्डासाठीची पात्रता स्पर्धा) आहे. तिचा अंतिम टप्पा थायलंडमध्ये हुआ हिनला पाच राउंडचा असतो आणि पहिले 35 व त्या गुणसंख्येवर बरोबरीत असलेले कार्ड घेऊन जातात. पीजीटीआयवर स्थिरावलेल्या खेळाडूने वर्षात एकच परदेशी क्यू-स्कूल खेळायची असेल तर हीच. जवळ आहे, ग्रीन्स ओळखीच्या बर्म्युडा गवताच्या आहेत आणि युरोप-अमेरिकेच्या मानाने खर्च बराच कमी.

युरोपात पूर्वीची चॅलेंज टूर आता हॉटेलप्लॅनर टूर झाली आहे. तिथले पहिले 20 डीपी वर्ल्ड टूरवर चढतात आणि एका हंगामात तीन स्पर्धा जिंकणारा वर्षअखेरीची वाट न पाहता लगेच. तिच्याखाली आल्प्स टूर, नॉर्डिक लीग असे सॅटेलाइट दौरे आहेत. बक्षिसं लहान आणि मैदानं अरुंद.

अमेरिकेत सगळ्यात खाली पीजीए टूर अमेरिकाज आहे. कॅनडा आणि लॅटिनोअमेरिका हे दोन दौरे एकत्र करून 2024 मध्ये ती सुरू झाली. तिथले पहिले दहा कॉर्न फेरी टूरवर, म्हणजे मुख्य पीजीए टूरच्या एक पायरी खाली, जातात. कॉर्न फेरीवरून पीजीए टूरची कार्डं 2024 पर्यंत 30 होती, 2025 पासून 20 झाली. पीजीए टूरच्या क्यू-स्कूलमधून थेट कार्ड पाच जणांना मिळतं आणि पुढच्या चाळीसेक जणांच्या वाट्याला कॉर्न फेरी येते. कॉर्न फेरीवरची स्पर्धा 10 लाख डॉलरची, अमेरिकाजवरची 2,25,000 डॉलरची. विजेत्याचा वाटा दोन्हीकडे 18 टक्के, म्हणजे अनुक्रमे 1,80,000 आणि 40,500 डॉलर. एका पायरीच्या अंतराला पैशात चौपटीहून जास्त किंमत आहे.

मुलींसाठी देशात विमेन्स प्रो गोल्फ टूर, युरोपात एलईटी (लेडीज युरोपियन टूर) ॲक्सेस आणि अमेरिकेत एप्सन टूर. पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनाही तसंच लागू पडतं, फक्त देशातल्या स्पर्धांत राउंड आणि बक्षिसं कमी असल्याने परदेशाचा विचार एखादं वर्ष आधी करावा लागतो.

आणि हो, 2025 पासून देशात आयजीपीएल हा वेगळा दौराही आला आहे. एका टूरचे सदस्य असताना दुसरीकडे खेळायला लेखी परवानगी लागते का, दंड किती, हे नाव देण्याआधी नियमपत्रकात वाचा. ओळखीच्या कुणीतरी सांगितलेलं इथे चालत नाही.

प्रो व्हायची तारीख

एकदा प्रो म्हणून खेळलात की हौशी दर्जा जातो. परत मिळवायचा तर अर्ज करा आणि वाट पाहा. 2022 पासून हौशी नियम सैल झाले आहेत. हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो आणि 1,000 डॉलर किंवा 700 पौंडांपर्यंतचं बक्षीस स्वीकारता येतं. म्हणजे फक्त पैसे उभे करण्यासाठी घाईने प्रो होण्याची गरज उरली नाही. अनेक क्यू-स्कूलमध्ये हौशी म्हणूनही नाव देता येतं. कार्ड मिळालं तर प्रो व्हा, नाही मिळालं तर इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी स्पर्धा चालू ठेवा. हा मार्ग खुला असताना क्यू-स्कूलच्या दोन महिने आधी फेसबुकवर "टर्न्ड प्रो" लिहून टाकणं म्हणजे उगाच दोर कापून घेणं.

तयारी आहे की नाही हे घरच्या कोर्सवरच्या स्कोअरवरून ओळखू नका. बावधनच्या ऑक्सफर्ड किंवा खारघरच्या कोर्सवर तुम्हाला प्रत्येक ग्रीनचा उतार पाठ असतो. अनोळखी कोर्सवर, एकाच प्रॅक्टिस राउंडनंतर, मागच्या टी-वरून (होल सुरू करायची जागा) आणि प्रत्येक छोटा पटही (ग्रीनवरचा हलका फटका) बुडवत खेळलेले सलग वीस राउंड वहीत लिहा. "गिमी", म्हणजे न मारता सोडून दिलेला पट, एकही नाही. त्या विसांची सरासरी पारच्या आसपास किंवा खाली असेल तर क्यू-स्कूलची फी भरा. सरासरीपेक्षाही सगळ्यात वाईट पाच राउंड नीट पाहा. क्यू-स्कूलमध्ये घरी पाठवतो तो 79 चा राउंड. 66 नसल्यामुळे फार कमी जण बाहेर जातात.

क्यू-स्कूल

पीजीटीआयची पात्रता साधारण दोन पायऱ्यांची असते, आधी पूर्वपात्रता आणि मग चार राउंडचा अंतिम टप्पा. पूर्वपात्रतेचे गट वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या तारखांना असतात. आपल्या खेळाला जुळणारं मैदान निवडा, जवळचं शहर नव्हे. लांब मारणारा पण वाकडा जाणारा खेळाडू झाडीत बुडालेल्या जुन्या, अरुंद कोर्सवर फसतो. दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स हे त्याचं टोकाचं उदाहरण. तिथले जाणकार अनेक होलवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बॅगेतून बाहेरच काढत नाहीत.

अंतिम टप्प्याच्या ठिकाणी तीन दिवस आधी पोचा, सहा दिवस आधी नको. सहा दिवस आधी गेलेला मुलगा रोज 18 होल खेळतो, रोज काहीतरी नवीन दुरुस्त करतो आणि पहिल्या टी-वर थकलेला, शंभर विचार घेऊन उभा राहतो.

इथे कार्ड मिळाल्यानंतर क्रमांकाकडे दुर्लक्ष करू नका. कार्डधारकांमध्येही स्पर्धेत जागा देण्याचा क्रम असतो, विजेते आधी, मग मागच्या वर्षीचे वरचे क्रमांक, मग क्यू-स्कूलवाले, तेही त्यांच्या क्रमाने. क्यू-स्कूलमधून काठावर आत आलेल्याला मोठ्या बक्षिसाच्या, कमी खेळाडूंच्या स्पर्धांत राखीव यादीत थांबावं लागतं. कॉर्न फेरीसारख्या टूरवर काही स्पर्धांनंतर हा क्रम चालू हंगामातल्या कामगिरीवरून पुन्हा लावला जातो, त्यामुळे पहिल्या चार-पाच स्पर्धांना दुप्पट वजन येतं. म्हणून शेवटच्या दिवशी कार्ड पक्कं झालंय असं दिसल्यावर उरलेले चार होल सैल खेळू नका. तिथला एक बर्डी मे महिन्यातली एक स्पर्धा मिळवून देऊ शकतो.

राखीव यादीत पहिल्या-दुसऱ्या नंबरवर असाल तर पहिल्या दिवशी शेवटचा ग्रुप सुटेपर्यंत कोर्सवर बूट घालून, वॉर्म-अप करून थांबा. हॉटेलात फोनची वाट पाहत बसलेल्याची जागा पुढच्याला जाते.

खर्चाची वही

पीजीटीआयवर 1 कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला 15 टक्के, म्हणजे 15 लाख मिळतात. हॉटेलप्लॅनर टूरवर हा वाटा 16 टक्के, एडीटीवर साडेसतरा. सगळीकडे उतार तीव्र आहे, वरचे दहा बक्षिसाचा मोठा लचका नेतात आणि कटच्या (पुढचे राउंड खेळू देणाऱ्या मर्यादेच्या) काठावर राहिलेल्याच्या हातात जेमतेम आठवड्याचा खर्च येतो. पीजीटीआयवर दोन राउंडनंतर पहिले 50 आणि बरोबरीतले कट पार करतात. बाकीच्यांना शून्य.

हिशेब असा मांडा. आकडे तुमचे घाला, हे नमुन्यादाखल आहेत. देशातल्या एका स्पर्धेचा आठवडा:

– प्रवास, गोल्फ बॅगच्या जादा वजनासकट: 10,000
– सहा रात्री, दोघांत एक खोली, तुमचा वाटा: 9,000
– कॅडी, पाच दिवस: 9,000
– जेवण, रिक्षा, धोबी: 6,000
– प्रवेशशुल्क, प्रॅक्टिस राउंड, रेंजचे बॉल: 8,000

झाले 42,000. वीस स्पर्धा धरल्या तर 8,40,000. त्यात कोच, फिजिओ, बॉल, ग्लोव्ह, वेजेस, जिम मिळून वर्षाचे 5 लाख घाला, एकूण 13,40,000. आता निम्म्या स्पर्धांत कट पार केला असं समजा, म्हणजे दहा. प्रत्येक कटमागे सरासरी 1,34,000 मिळाले तर तुम्ही शून्यावर. कॅडीला बक्षिसातला 5 टक्के वाटा ठरलेला असेल तर हा आकडा सुमारे 1,41,000 होतो. यात स्वतःचं घरभाडं नाही, एकही परदेश दौरा नाही, एकही क्यू-स्कूल नाही.

ही वही पहिल्या स्पर्धेच्या आधी लिहा, कारण तिच्यातूनच दोन निर्णय निघतात. पहिला, किती स्पर्धांनंतर पैसे संपतील. वीस स्पर्धांचा मनसुबा आणि नऊ स्पर्धांचे पैसे असतील तर नऊ अशा निवडा की ज्या एकाच यादीत मोजल्या जातात. दुसरा, प्रायोजकाकडे काय मागायचं. "मदत करा" म्हणून गेलात तर मोडीत काढतात, "या चार महिन्यांच्या आठ स्पर्धांचा हा खर्च, त्याबदल्यात टोपीवर आणि बॅगवर तुमचं नाव, वर्षातून दोन दिवस तुमच्या ग्राहकांसोबत गोल्फ" असा कागद घेऊन गेलात तर बोलणं पुढे सरकतं. नातेवाईक किंवा क्लबचे सभासद पैसे घालणार असतील तर लेखी करार कराच. रक्कम किती, परतफेड बक्षिसाच्या किती टक्क्यांतून, कुठल्या तारखेपर्यंत आणि जिंकलाच नाहीत तर काय. गोड बोलून घेतलेले पैसे तीन वर्षांनी घरात कडू होतात.

स्पर्धेचा आठवडा

सोमवारी प्रवास. गोल्फ बॅगेत ड्रायव्हरपेक्षा उंच एक कडक दांडा घाला. बॅग तोंडाच्या बाजूने आदळली तर मार तो दांडा खातो, ड्रायव्हरचा शाफ्ट नाही. ड्रायव्हरचं हेड स्क्रूने निघणारं असेल तर काढून मोज्यात गुंडाळा. पाना हरवतो, म्हणून टॉर्क रेंच दोन ठेवा. परत बसवताना क्लिक होईपर्यंत फिरवा, नाहीतर तिसऱ्या होलवर हेड सैल होऊन आवाज करायला लागतं. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

बॉल एकाच मॉडेलचे, किमान दोन डझन, घरून घेऊन निघा. व्यावसायिक स्पर्धांत बहुधा "वन बॉल" हा स्थानिक नियम लागू असतो, म्हणजे राउंडमध्ये ज्या मॉडेलने सुरुवात केली तेच शेवटपर्यंत. मॉडेल म्हणजे मान्य बॉलच्या यादीतली नेमकी एक नोंद. त्याच ब्रँडचा, त्याच नावाचा, पण जुन्या वर्षीच्या छाप्याचा बॉल ही वेगळी नोंद ठरते. 2019 मध्ये पीजीए टूरच्या मायाकोबा स्पर्धेत रसेल हेन्लीने राउंडनंतर सहीसाठी बॉल काढले तेव्हा बॅगेत एक निराळा बॉल सापडला. चार होल तो वापरल्याचं निघालं, दंडाचे आठ स्ट्रोक पडले आणि कट गेला. रविवारी रात्रीच बॅग उलटी करून एक-एक बॉल पाहा. खिशातल्या सराव बॉलसकट.

मंगळवारी प्रॅक्टिस राउंड. इथे बहुतेक नवखे प्रो स्कोअर करायला खेळतात, तेच चुकतं. प्रॅक्टिस राउंडचं काम नोंदी करणं. एक होल कसा वाचायचा ते पाहा. समजा 410 यार्डांचा पार-4, उजवीकडे फेअरवे बंकर, तो उडवायला 255 यार्डांचा कॅरी (हवेतलं अंतर) लागतो, डावीकडे झाडी आणि मधला फेअरवे 24 यार्ड रुंद. तुमच्या ड्रायव्हरचे वीस बॉल रेंजवर टाकलेत तर डावी-उजवी मिळून साधारण 60 यार्डांचा पट्टा भरतो. पीजीए टूरवरही तो फार अरुंद नसतो. 24 मध्ये 60 मावत नाहीत, मग प्रश्न असा की पट्ट्याची कुठली कड कुठे पडते. झाडीत पडला तर एक स्ट्रोक गेलाच, बंकरमध्ये पडला तर अर्धा. म्हणजे निशाणा बंकरच्या डाव्या कडेवर. किंवा 3-वूडने 240 वर थांबलात तर बंकर खेळातच येत नाही आणि 170 यार्डांचा दुसरा शॉट उरतो. 170 वरून तुमची सरासरी काय आहे हे वहीत असेल तर निर्णय तिथेच होतो आणि गुरुवारी टी-वर उभं राहून डोकं खाजवावं लागत नाही. ग्रीनवर पिन (झेंड्याची काठी) कुठे लागेल त्या चार जागा धरून प्रत्येकासाठी "इथे चुकायचं नाही" अशी एक बाजू लिहा. हाच खरा यार्डेज बुक. छापील वहीत फक्त आकडे असतात.

यार्ड की मीटर, हे पहिल्या टी-वर विचारू नका. युरोपच्या मुख्य भूमीवर मीटर, भारतात यार्ड. ढोबळ हिशेब मीटरमध्ये 10 टक्के मिळवायचे, पण 150 मीटर म्हणजे 164 यार्ड, 165 नव्हे, आणि लांब अंतरावर हा फरक वाढतो. उंचीचाही परिणाम असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, कोलकाता जवळजवळ समुद्रपातळीवर. 150 यार्डांच्या शॉटमध्ये दोन-तीन यार्डांचा फरक, म्हणजे पुढच्या बंकरच्या ओठावर आपटणारा बॉल. उटीजवळ वेलिंग्टनला गेलात तर उलटं, बॉल ग्रीनच्या पलीकडे.

रेंजफाइंडर चालतो की नाही हे स्पर्धेच्या स्थानिक नियमांत पाहा. चालत असला तरी स्लोप (चढ-उतार धरून अंतर सांगणारी सोय) बंद हवा. चालू राहिला आणि वापरला तर पहिल्यांदा दोन स्ट्रोक, दुसऱ्यांदा बाद.

बुधवारी विश्रांती जास्त, सराव कमी, आणि कॅडीशी बोलणं. टूरच्या खालच्या पायऱ्यांवर अनेकदा त्या क्लबचाच कॅडी मिळतो. त्याला ग्रीन्स माहीत असतात, नियमांची सवय नसते. क्लबात तो सभासदामागे उभा राहून "थोडं डावीकडे" सांगतो. 2019 पासून स्पर्धेत हे चालत नाही. तुम्ही स्टान्स घ्यायला (फटक्यासाठी पाय रोवायला) सुरुवात केल्यावर कॅडी मुद्दाम तुमच्या रेषेच्या मागे उभा असेल तर दोन स्ट्रोक तुम्हाला. बुधवारी पटिंग ग्रीनवर दहा मिनिटं त्याला ही सवय लावा. गुरुवारी पाचव्या होलवर सांगायला उशीर झालेला असतो. त्याच्या आकड्यांपेक्षा ग्रीनच्या उताराबद्दल त्याचं ऐका आणि अंतर स्वतः मोजा. पैसे रोजचे रोज, ठरल्याप्रमाणे.

गुरुवार ते रविवार नियमांचे सापळे तेच ते:

– टी-टाइमला पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन स्ट्रोक, पाचच्या पुढे गेला तर बाद. दोन टी-वरून सुरुवात असते तेव्हा दहावा टी क्लबहाउसपासून किती लांब आहे ते आदल्या दिवशी चालून पाहा.
– बॅगेत 14 क्लब. बुधवारी सरावाला घेतलेला पंधरावा वेज बॅगेतच राहतो, आणि दोन होलनंतर लक्षात आलं तर चार स्ट्रोक.
– त्या दिवशीच्या राउंडआधी कोर्सवर सराव शॉट मारायचा नाही. पटिंग आणि चिपिंग फक्त नेमलेल्या जागी किंवा पहिल्या टी-जवळ.
– हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं. पाच हा जुना नियम, अजून क्लबांत ऐकू येतो.
– स्कोअरकार्डवर एखाद्या होलचा स्कोअर प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून सही केली तर बाद. जास्त लिहिला तर तोच जास्त स्कोअर कायम. स्कोअरिंग टेबलावर बसून, होल-होल करून, मार्करच्या (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याच्या) तोंडून वाचून घ्या. राग आला असेल तर आधी पाणी प्या, मग सही करा.

पटिंगच्या सरावाला वेळ हवा, पण 8 फुटांचे पट बुडाले नाहीत म्हणून दर आठवड्याला पटर बदलू नका. पीजीए टूरवरचे दिग्गजही 8 फुटांवरून साधारण निम्मेच बुडवतात. फीडर टूरवर स्ट्रोक जातात ते 40 फुटांवरून तीन फटके लागणं, 100 यार्डांच्या आत ग्रीन चुकणं, आणि झाडीतून हिरोगिरी करून एका होलवर झालेला 7. आठवड्याच्या शेवटी डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) मोजा आणि प्रत्येकीसमोर कारण लिहा. स्कोअर खाली आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय तिथेच असतो.

पावसाळा, परदेश आणि कागदपत्रं

पीजीटीआयच्या हंगामात उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यात लांब खंड पडतो. नेमक्या याच काळात, मे ते सप्टेंबर, हॉटेलप्लॅनर टूरचा युरोपातला मुख्य भाग असतो. तिचा हंगाम बहुधा दक्षिण आफ्रिकेतल्या स्पर्धांनी सुरू होतो आणि भारतातही काही स्पर्धा पीजीटीआयसोबत मिळून झाल्या आहेत. देशात बसून युरोपच्या यादीत गुण मिळवायची ही स्वस्त संधी. अशा स्पर्धांच्या आठवड्यात दुसरं काहीही लावू नका.

शेंगेन व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड यात मोडत नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा आणि तिथले दिवस या नव्वदात धरले जात नाहीत. स्पर्धांमधल्या मोकळ्या आठवड्यात युरोपातच स्वस्तात राहायचा बेत करणारे ऑगस्टमध्ये दिवस संपून अडकतात. कॅलेंडरवर प्रत्येक दिवस खूण करा, येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरून.

अमेरिकेत फक्त बक्षिसाच्या रकमेसाठी स्पर्धा खेळायला बी-1 व्हिसावर जाणं शक्य असतं. कायम टूर खेळायची तर पी-1 लागतो. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला लागणारा वेळ पाहता क्यू-स्कूलचा अर्ज आणि व्हिसाचा अर्ज एकाच आठवड्यात करा. तिथे परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून 30 टक्के कर आधीच कापला जातो, मग हाती आलेला चेक पाहून धक्का बसतो. आधी अर्ज करून ही कपात खर्च वजा जाता कमी करून घेण्याची सोय आहे, पण अर्ज स्पर्धेच्या आधी जावा लागतो. भारतात विवरणपत्र भरताना परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट मागता येतं. त्यासाठी तिथल्या कपातीचा प्रत्येक कागद जपा. देशातल्या बक्षिसावरही टीडीएस कापून येतो. 26एएसमध्ये (कापलेल्या कराच्या नोंदीत) तो दिसतोय का हे हंगामाच्या मध्यातच पाहा, जुलैत नको. हॉटेल, तिकीट, कॅडी, फिजिओ यांच्या पावत्या व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतात. कॅडीला रोख देत असाल तर साध्या वहीत त्याची सही घ्या.

किती वर्षं

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2007 मध्ये प्रो झाला आणि मलेशियन ओपन व इंडियन ओपन जिंकला ते 2015 मध्ये. शुभंकर शर्मा सोळाव्या वर्षी, 2013 मध्ये प्रो झाला आणि 2017 च्या डिसेंबरात जोबर्ग ओपन जिंकला. महूचा मुकेश कुमार एशियन टूरवर 2016 मध्ये पॅनासोनिक ओपन जिंकला तेव्हा 51 वर्षांचा होता. तिघांचा काळ वेगळा, म्हणून वयाचं गणित करत बसण्यापेक्षा दर डिसेंबरला तीन आकडे शेजारी लिहा: स्ट्रोक सरासरी, पार केलेल्या कटची टक्केवारी आणि वहीतली शिल्लक. दोन वर्षांत तिन्हींपैकी एकही सुधारला नसेल तर पुढच्या हंगामाचे पैसे भरायच्या आधी कोच बदला, टूर बदला, किंवा स्पर्धा निम्म्या करा.

या दरम्यान नॅशनल गोल्फ ॲकॅडमी ऑफ इंडियाचं शिक्षक-प्रमाणपत्र करून ठेवायला हरकत नाही. पावसाळ्याच्या खंडात त्याचा अभ्यास बसतो, आणि आठवड्यातून तीन दिवस रेंजवर शिकवणीचे तास लावलेत तर वर लिहिलेल्या 5 लाखांतला कोच-फिजिओचा भाग त्यातून निघू शकतो. तास सकाळी लावा, स्वतःचा सराव संध्याकाळी. स्पर्धेच्या आठवड्यात मात्र कुणाचाही तास घेऊ नका.